डोळे उघडे ठेवायची नोकरी

आमचं घरानं कुठून निघालं म्हनून इचारता ना ताई, तं हे पाहा, ह्या फाटकातून. हे चर्चच्या मागचं, लोखंडी, रेल्वेच्या अंगाचं. लोकाईचं घरानं गावातून निघते, कोनाचं देवाच्या ठान्यातून निघते, आमचं फाटकातून निघालं. छप्पनच्या दुष्काळात, म्हंजे इंग्रजाच्या राज्यातल्या त्या जुन्या मोठ्या दुष्काळात, माहा आजा इथं सापडला, असंन तीन-चार वर्साचा, रुळाच्या बाजूनं कोनी आनून बसवला का आपल्या पायानं आला कोनाले मालूम. अंदर प्रार्थना चालू होती, गोऱ्या पाद्रीसाहेबानं आमेन म्हनून डोळे उघडले तं समोर हे पोट्टं उभं, अंगावर चिंधी नाई, हातात एक आंब्याची कोय. जात नाई, गाव नाई, नाव नाई. साहेबानं नाव देल्लं, पेज देल्ली, पन कोय काई त्यानं सोडली नाई म्हने, घेऊनच झोपला. माही आजी चिडवायची त्याले, म्हने ह्या मानसाच्या खानदानात इस्टेट एकच, कोय. म्हनून आमच्या घरात बोलायची रीत पडली, का आपुन प्रार्थनेत सापडलेली मानसं हाओत. दुसरे म्हनतात आमी अमुक पाटलाचे, तमुक मालगुजाराचे. आमी प्रार्थनेत सापडलेले. अन् अशा घरात मी कुलदीपक निघालो. आजा प्रार्थनेत सापडला अन् मी प्रार्थनेत एक पोट्टी हारवली. थांबा, सांगतो ना. पन पहिले माही अक्कल केवढी हे समजून घ्या, नाईतं पुढचं पटनार नाई तुमाले.

नाव दानियल. बायबलातला दानियल सिंहाच्या गुहेत टाकला होता, सिंहानं खाल्ला नाई. मले टाकलं असतं तं सिंहानं वास घेऊनच तोंड फिरवलं असतं. सारे दान्याच म्हनतात. मिशनच्या शाळेत मी पहिलीत दोन वर्सं बसलो, मंग मास्तरनं बापाले बोलावून सांगतलं, का ह्याले दुसरीत पाठवलं तं दुसरीची इज्जत जाईन. बाप ह्या चर्चचा, आमी मंडळी म्हनतो, घंटेवाला होता, झाडू त्याच्याकडंच, बगीचा त्याच्याकडंच. तो गेला तवा दोर माह्या हाती आला. माय मोठी कडक. लहानपनी सांगायची, प्रार्थनेत डोळे उघडले का बाजूले बसलेला देवदूत उडून जाते रे दान्या. मंग मले वाटे पाहून तं घ्यावं एकडाव कसा दिसते. मी एकच डोळा उघडो, अर्धा. देवदूत कधी दिसला नाई, मायची चप्पल दिसे, ते बी येता येता. लग्नात बी काय झालं, पाळकसाहेबानं आशीर्वादाची प्रार्थना इतकी लांबवली का मी उभ्या उभ्या झोपलो, अन् मार्थानं, माही घरवाली, चौथी पास हाय ते, कोपरानं ढोसलं तं मी जोरात म्हनलं आलो आलो. सारी मंडळी हासली. ते आजबी म्हनते, मी आलो म्हननाऱ्याशी लग्न केलं, हो म्हननाऱ्याशी नाई.

आता नोकरीचं ऐका. तवा मंडळीत सतरंजीवर बसायची रीत होती, चपला बाहेर व्हरांड्यात. अन् चोर कसा हुशार पाहा, भजन चालू असलं तं येत नसे, उपदेश चालू असला तं येत नसे. जगासाठी, आजाऱ्यासाठी, राज्यकर्त्यासाठी म्हनून जे लांब प्रार्थना असते ना, सारे डोळे मिटून, तवाच येई. एका नाताळाले पाळकसाहेबाचे नवे बूट गेले, आमेन म्हनून बाहेर आले तं पायमोज्यावर घरी गेले. मंग पंच बसले अन् ठराव केला, का प्रार्थनेत एका मानसानं डोळे उघडे ठेवायचे. कोनं? तं दान्यानं. असा मी साऱ्या नागपुरातला एकच खिस्ती मानूस का ज्याले डोळे उघडे ठेवायची नोकरी देल्ली. दारात बसायचं, एक नजर चपलावर, एक नजर ह्या मागच्या फाटकावर. बाया चिडवत, काहून गा दान्या, स्वर्गात बी तुले दारातच बसवतीन वाटते. मी म्हनो बसवू द्या वं, तुमच्या चपला तिथं बी आनसानच ना. पन खरं सांगू ताई, दहा-बारा वर्सं मी मंडळीत बसलो अन् एकबी प्रार्थना केली नाई. कोन डुलक्या घेते, कोन शेजारनीची साडी पाहते, कोन खरंच रडते, सारं पाह्यलं. प्रार्थना तेवढी नाई केली. त्याची आतून एक हाव लागली होती मले. हसून दाखवो, पन हाव होती.

मंग ते एकाहत्तर साल आलं, बांगलादेशाचं. लढाई सुरू व्हायच्या आंधीच लोक निघाले तिकडून. कोनी म्हने एवढे लोक, कोनी म्हने तेवढे, मले मोजता येत नाई, मी गाड्या पाह्यल्या. ह्या फाटकातून रूळ दिसतात ना, तिथून जायच्या. पावसाळाभर. खिडकीले तोंडं लागलेली, एकावर एक, बायाईचे, म्हाताऱ्याईचे, लेकराईचे. अन् आवाज नाई ताई. हेच मले भेव वाटे. एका डब्यात पन्नास लेकरं असतीन अन् एक रडत नाई. तुमी कधी पन्नास लेकरं चूप पाह्यले का? गाडी उभी राहे सिग्नलले, आमी ह्या बाजूले उभे, ते त्या बाजूले, अन् ते आपल्याकडं पाहतात पन आपुन त्याईले दिसत नाई असे पाहतात. मार्था भाकरी घेऊन धावे. मी एकडाव माकडाचं तोंड करून दाखवलं, मले वाटलं हासतीन लेकरं. एक बी हासलं नाई. मी घरी येऊन जेवलो नाई त्या दिवशी. म्हनलं दान्या, तुह्या तोंडाले पाहून गाढव बी हासते, आज काय झालं? काईतरी येऊन राह्यलं हाय इकडं, रुळावरून, गाडीच्या मागं मागं.

त्यातल्या काई लोकाईले चांद्याकडच्या छावनीत न्यायचं होतं. बिमार होते त्याईले नागपुरातच उतरवलं, अन् पाळकसाहेबानं आमच्या शाळेचा हॉल खोलून देल्ला. सात-आठ घरं असतीन. फिनाईलचा वास, खिचडीचा वास, ओल्या कपड्याचा वास. त्यात एक बाई होती, नाव लक्ष्मी, ते लोक लोक्खी म्हनत. मांडीवर एक तान्हं पोट्टं, अन् पदराले धरून एक पोट्टी, पाच वर्साची. पारुल. ह्या पोट्टीचा बाप रस्त्यातच कोन्या टेसनवर लोटा घेऊन पान्याले उतरला, अन् गाडी सुटली. बस. इतकंच. मेला नाई, मारला नाई, पान्याले उतरला. लढाईतून वाचून आला अन् नळावर राहून गेला. कोनतं टेसन ते बाईले सांगता येईना, तिले तिकडची लिपी यायची नाई अन् इकडची तं नाईच.

तं ह्या पारुलचं काय होतं, का इंजिनची शिट्टी झाली का ते उठे. जेवत असली तं हातातला घास ठेवे, बापाचा गमछा होता एक, त्यात काईबाई बांधलेलं, ते बोचकं काखेत मारे अन् ह्या फाटकात येऊन उभी राहे. चूप. गाडी निघून गेली का परत येऊन बसे. दिवसातून किती गाड्या जातात इथून तुमीच पाहा. तिची माय आवाज देई, जाऊन आने, परत शिट्टी, परत हे फाटकात. अन् फाटकाची कडी तुटलेली. पाळकीनबाईनं मले तीनदा सांगतलं, दानियल, कडी लावून घे, लेकरू भाईर जाईन. मी म्हनलं लावतो ना बाई, आजच लावतो. अन् सुतळी बांधली. माह्या साऱ्या जिंदगीचं काम असंच सुतळीनं बांधलेलं हाय ताई. एकडाव ते पोट्टी फाटकाच्या भाईर गेली, मी रुळाच्या गिट्टीवरून उचलून आनली. दुसऱ्यांदा मार्थानं आनली. तवा मार्था मले म्हने, तिसऱ्यांदा कोन आनन? मी हासन्यावारी नेलं. आता तो शब्द माह्या कानात खिळ्यावानी हाय, तिसऱ्यांदा कोन आनन.

पन एक गोष्ट झाली होती. पारुल मले पाहून हासली. झालं असं, का मी दारात चपला लावून ठेवत होतो, अन् तिनं माह्याच चपला पायात घातल्या, एवढ्या मोठ्या, अन् फटक फटक करत चालली. मी तिच्या मागं अनवानी लंगडत गेलो, हाय हाय माह्या चपला, हाय हाय माह्या चपला. अन् ते थांबली, मागं वळून पाह्यलं, अन् हासली. आवाज करून हासली! हॉलमधल्या साऱ्या बाया उठून उभ्या राह्यल्या. तिची माय तोंडात पदर घालून रडाले लागली, का तिकडून निघाल्यापासून हे पोट्टी हासली नोती म्हने. मंग काय, दान्या मोठा मानूस झाला. रोज तोच खेळ. ते चपला घेऊन पळे, मी मागं. तिची भाषा मले येत नाई, माही तिले येत नाई, पन चपलाची भाषा दोघाले येत होती.

थंडी पडली होती अन् लढाई आता लागन मंग लागन अशी हवा होती. पाळकसाहेबाच्या घरी रेडिओ दिवसभर चाले, काचाईले कागद चिकटवायचं बोलून राह्यले होते. त्यात एक रविवार ठरला, घर सुटलेल्या लेकरासाठी अन् कुटुंबासाठी खास प्रार्थना. बाहेरगावचे मोठे साहेब येनार. हॉलमधले सारे लोक समोर सतरंजीवर बसवायचे. अन् त्याच दिवशी सकाळी लक्ष्मीचं तान्हं तापानं फनफनलं, डोळे पांढरे करू लागलं. मार्था म्हने दवाखान्यात नेतो, रिक्षा आनला. आता दोन लेकरं घेऊन कशी जाईन थे? पारुल माह्याजवळ दारात बसली होती. लक्ष्मीनं तिचं डोकं कुरवाळलं, माह्याकडं पाह्यलं अन् म्हनली, दादा, देखबेन. बस एवढंच. आपल्याकडं बी म्हनतात ना, पोट्टीले देखजो. मी म्हनलं जा बाई, निचिंत जा, माही नोकरीच ते हाय. मार्था रिक्षातून वाकून म्हने, खिदळत बसू नोको, फाटकाकडं पाह्य. मी तिले सलाम ठोकला, मोठ्या साहेबाले ठोकतात तसा.

मंडळी खचाखच भरली. मी दारात, पारुल माह्या बाजूले, चपलाच्या रांगेजवळ, बोचकं मांडीवर. मोठे साहेब उभे राह्यले, चांगले मानूस होते, बोलले बी चांगलं. अन् प्रार्थनेची वेळ आली तवा म्हने, आज मी प्रार्थना करनार नाई, पाळकसाहेब बी करनार नाई. ह्या लोकाईची रोज हातानं सेवा करते, त्याईचं पानी भरते, त्याईच्या लेकराईले हासवते, असा जो भाऊ तुमच्यात असन त्यानं करावी. सारी मंडळी वळून माह्याकडं पाहू लागली. मी मागं पाह्यलं, माह्या मागं कोन हाय म्हनून. मागं नुसत्या चपला होत्या. पाळकसाहेब मानेनं ये म्हनाले. ताई, मी उठलो. दारातून उठलो. कोनालेच वाटलं नाई का दारात आता कोन. चपला कोन राखन हे बी कोनी बोललं नाई, एवढे सारे शिकलेले लोक. ते सोडा, त्याईचं काम नोतं, माहं होतं. मी पारुलले हातानं इशारा केला, बस, इथंच बस. ते बसली. मी समोर गेलो, सतरंजीवर गुडघे टेकले, अन् डोळे मिटले.

पहिले तं शब्दच फुटेना. मंग फुटला. हे आमच्या स्वर्गातल्या बापा म्हनलं, अन् मंग कुठून येऊन राह्यलं होतं मले कळेना, आज्याचं आलं, कोयीचं आलं, गाडीच्या खिडक्याईचं आलं, पन्नास चूप लेकराईचं आलं. मांगून एक हुंदका ऐकू आला. मंग दुसरा. मले जिंदगीत लोक हासलेले माहीत, माह्या बोलन्यानं रडलेले कधी माहीत नाई. अन् तो गोड लागला ताई, तुमच्यापाशी काय लपवू. मले वाटलं आता थांबू नोको दान्या. जिथं आमेन म्हनाले पाह्यजे होतं तिथं मी अन् हे प्रभू म्हनलं. परत अन् हे प्रभू. त्यातच इंजिनची शिट्टी झाली. मी ऐकली. मी ऐकली नाई असं नाई, मी चांगली ऐकली, अन् माहा आवाज दबून राह्यला म्हनून मी आवाज वाढवला. मंग फाटकाचा कर्र आवाज आला, हे असा, आता तुमी येतानी आला तसा. तो बी ऐकला. वाटलं वारं असन. अन् मी त्याच वख्ताले मोठ्यानं म्हनलं, हे प्रभू, ह्या लहान पारुलवर तुही नजर ठेव.

आमेन झालं. मोठ्या साहेबानं मले उठवून छातीशी धरलं, पाळकसाहेबाचे डोळे लाल. लोक सलाम करून राह्यले होते मले, दानियलभाऊ म्हनून राह्यले होते. दान्याचा दानियलभाऊ झाला, असंन पाच मिनिटं. मी दारात आलो. पारुल नाई. बोचकं नाई. मी चपलाच्या रांगेकडं पाह्यलं, साऱ्या मंडळीच्या चपला जाग्यावर, एकबी गेली नाई. माह्याच नाई. अन् फाटकावर तुटलेली सुतळी.

पहिले मी हासलो, ताई. खरंच. मले वाटलं खेळून राह्यली. हाय हाय माह्या चपला करत फाटकाभाईर गेलो. भाईर रूळ, गिट्टी, अन् तिकडं टेसनच्या बाजूले गाडीचा मागचा डबा लहान लहान होऊन राह्यला होता. कुंपनाच्या तारेजवळ माही एक चप्पल पडली होती. डाव्या पायाची. मंग मी धावलो.

सारी मंडळी धावली, मानसं, बाया, नव्या साड्या नेसलेल्या. टेसनवर हमालाईले इचारलं, गेटवरच्या बाबूले इचारलं. चहावाला एक होता, तो म्हने हो गा, पाह्यली ना, एवढीशी, एका पायात भली मोठी चप्पल, काखेत बोचकं. एक मानूस नळावरून लोटा भरून जाऊन राह्यला होता, त्याच्या मागं मागं गेली. मी म्हनलं त्यानं मागं वळून पाह्यलं का? तो म्हने नाई गा, तो आपल्या नादात होता, तो डब्यात चढला, गर्दीत कोनीतरी तिले बी वर घेतली, मले वाटलं त्याचीच असन. इटारसीकडची पॅसेंजर होती. तारा केल्या, पुढच्या टेसनाईले सांगतलं, पाळकसाहेब स्वतः दुसऱ्या गाडीनं गेले, टेसन टेसन उतरत. कोनीच नाई. लोटा तं हरेक मानसाच्या हातात असते ताई. तिचा बापच असन का तो? मी इतक्या वर्सात हे इतक्यांदा इचारलं का तो प्रश्नच झिजून गेला.

पोलीस चौकीत हवालदारानं लिहून घेतलं. म्हने पोट्टी कोनाच्या ताब्यात होती? म्हनलं माह्या. म्हने तुही काय नोकरी? म्हनलं डोळे उघडे ठेवायची. म्हने मंग डोळे कुठं होते? म्हनलं मिटले होते. काहून? प्रार्थना करून राह्यलो होतो. कोनासाठी? म्हनलं तिच्यासाठीच. हवालदारानं पेन खाली ठेवला. मी जिंदगीभर मानसं हासवली, हवालदाराईले बी हासवलं, कोनी माहं ऐकून हासलं नाई असं कधी झालं नाई. तो हासला नाई.

दुपारी रिक्षा आला. तान्हं वाचलं होतं, ताप उतरला होता. लक्ष्मी उतरली, तोंडावर जरासं हासू. मी फाटकात अनवानी उभा, हातात एक चप्पल. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग पायाकडं, मंग हाताकडं, मंग माह्या मागं. मार्थाले समजलं, मार्थानंच सांगतलं, कोनत्या भाषेत सांगतलं देव जाने. मले वाटलं आता हे बाई माहा गळा धरन. धरला असता तं बरं झालं असतं. तिनं लेकरू मार्थाजवळ देल्लं अन् ह्या फाटकाजवळ खाली बसली, इथं, तुमी बसल्या तिथं. रडली नाई. गाडीतल्या लेकरावानी चूप.

दुसऱ्या दिवशी मी इतवारीतून नवी कडी आनली, नवं कुलूप आनलं. आता आनलं, पाहा. बसवलं, खटकन लावलं, मले वाटलं काईतरी केलं. थोड्या वेळानं आवाज येऊ लागला, ठक ठक. जाऊन पाहतो तं लक्ष्मी गिट्टीचा दगड घेऊन कुलूप ठोकून राह्यली होती. बोटं रक्तानं भरली. पाळकसाहेब म्हनाले बाई, हे काय करता? मले समजलं. पहिल्यांदा आयुष्यात कोनाच्या आंधी मले समजलं. कुलूप असलं तं ते पोट्टी अंदर कशी येनार? मी चाबी आनून कुलूप काढलं, विहिरीत टाकलं. कडी राहू देल्ली, पन लावली नाई.

अकरा दिवस ते इथं बसली. जेवन इथंच, लेकराले पाजनं इथंच. लढाई लागली, भोंगा वाजे, सारे अंदर पळत, हे उठत नसे, मंग मी बी तिच्यापाशी बसो. मंग सरकारी ट्रक आला, चांद्याच्या छावनीत न्यायले. ते जात नोती. साहेब लोक म्हने, बाई, तुमचं नाव तिथं लागलं हाय, रेशन तिथं मिळन, ह्या लेकराले जगवायचं का नाई? मार्थानं तिले ट्रकपर्यंत नेलं. मी लांब उभा होतो, तोंड दाखवायची लाज. तिनं मले हातानं बोलावलं. मी गेलो. मले वाटलं आता शाप देते. ताई, तिनं त्या फाटकाकडं बोट केलं अन् म्हनली, दादा, देखबेन.

तेच शब्द. ज्यानं हारवली त्यालेच परत सांगून गेली. दुसरं तिचं इथं कोन होतं?

त्या दिवसापासून मी आहो इथं. मंडळीत आता बाकडे आले, चपला घालूनच बसतात, चोराचा धंदा बुडाला, माही नोकरी काई कामाची राह्यली नाई. तरी सारे डोळे मिटतात तवा मी दारात असतो. प्रार्थना आता करतो, रोज करतो, पन डोळे उघडे ठेवून. नव्या पाळकसाहेबानं एकडाव टोकलं, दानियल, प्रार्थनेत डोळे मिटावं. म्हनलं साहेब, एकडाव मिटले होते. कुठंबी लढाई लागली, पेपरात लेकराईचे फोटो आले का आमच्या मंडळीत त्याईच्यासाठी प्रार्थना होते, अन् लोक कळवळून करतात, मी खोटं म्हनत नाई. पन मले प्रत्येकडाव वाटते, कोनीतरी उघडे ठेवा रे. सारेच नोका मिटू.

लक्ष्मीचं पोस्टकार्ड यायचं वर्साकाठी, कोनाकडून लिहून घेतलेलं, बंगालीत, रेल्वेतला एक बाबू वाचून दाखवे. छावनीतून तिकडंच जंगलात वस्ती देल्ली सरकारनं, धानाची जमीन देल्ली. दरसाल एकच, फाटक आहे ना? मी मार्थाकडून लिहून पाठवो, आहे. मंग दोन वर्सं काईच नाई आलं. अन् औंदा कार्ड आलं ते मराठीत. मार्था वाचू लागली अन् थांबली. ते तान्हं होतं ना, तापानं डोळे पांढरे केले होते ते, ते आता तिकडच्या मराठी शाळेत जाते, त्यानं लिहिलं. आईला आता चालवत नाही. मी मोठा झालो की येईन. फाटक आहे ना? अक्षर मोठं सुरेख हाय म्हने मार्था. मले काय, मले सारीच अक्षरं मुंग्या. पन मी ते कार्ड उलटंपालटं करून लय वेळ पाह्यलं.

माहा पोरगा हिंगन्याले कंपनीत लागला, प्रताप नगरात दोन खोल्या घेतल्या त्यानं. म्हनते बाबा, चाला, तिथं नळ घरात हाय, इथं कायले पडून राहता? मार्था जाते चार दिवस, नातवाईले पाहून येते. मी नाई जात. पंच म्हनतात हे फाटक बंद करून भिंत घ्या, रेल्वेच्या अंगानं गंजेटी येतात. म्हनलं घ्या ना, माह्या मांगून घ्या, मी काई अमर नाई, माहं शरीर बी सुतळीनंच बांधलेलं हाय. हासले अन् ठराव पुढं ढकलला. मी अजून हासवू शकतो, तेवढं कामी येते.

आता पारुल असन वीसच्या आसपास, जिती असन तं. मी मनाले सांगतो, असन कोन्या घरी. कोनीतरी डोळे उघडले असतीन अन् समोर पोट्टी उभी, एका पायात मानसाची चप्पल. ना नाव, ना गाव. माह्या आज्यानं कोय सोडली नाई, तिनं बी चप्पल सोडली नसन. त्या घरात पुढं नातवंडं होतीन अन् चिडवतीन, आमच्या आजीची इस्टेट काय तं एक चप्पल. असं मी सांगतो मनाले. कधी ऐकते मन, कधी नाई ऐकत, अन् शिट्टी झाली का तं मुळीच ऐकत नाई. हे पाहा, झाली. थांबा जराक, जाऊ द्या गाडी.

गेली. बरं, निघा ताई आता, तुमचे बी लेकरं वाट पाहत असतीन. प्रभूची नजर राहो त्याईच्यावर. अन् त्याले बी डुलकी लागली तं मी हाओ दारात. जातानी फाटक नुसतं लोटून घ्या, कुत्रे येतात. कडी तेवढी नोका लावू.